आनंदाचे वार

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी फादर गुलाबी वस्त्रं घालून वेदीपाशी येतात, तेव्हा पुढच्या बाकांवरची पोरं दरवर्षी हसतात. बाकीचा आगमनकाळ जांभळा, हा एकच रविवार आनंदाचा म्हणून गुलाबी, आणि मग थेट ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा रविवार. वर्षातून दोनदाच निघणारी ती वस्त्रं, त्यामुळे त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. पुढे बसलं की तो येतो. गेल्या डिसेंबरात मी आईसोबत क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत शाली, स्वेटर, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. हिरव्या चक्रातल्या दोन जांभळ्या मेणबत्त्यांच्या जोडीला तिसरी, गुलाबी, नुकतीच पेटवलेली. प्रवचनात फादरांनी त्या दिवसाचं ठरलेलं वाक्य घेतलं. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." आणि ते श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात माझ्या मागच्या बाकावरून आवाज आला.

"कसा?"

भाजीवालीला दर विचारावा तितक्या साध्या सुरात. फादरांपर्यंत तो पोचला नसावा. आमच्या आसपास मात्र सगळ्यांनी ऐकला, आणि मागे वळून कोणीच पाहिलं नाही, कारण आवाज कोणाचा ते सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना मी मावशी म्हणते. नाना पेठेत आईच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. दसऱ्याच्या तोंडावर त्यांचे यजमान एका संध्याकाळी कामावरून आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत गेले. जायचं वय नव्हतं. मातीला गर्दी होती, महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेलाही होती. त्यानंतर लोक मावशींना काय काय सांगत होते ते मी आईकडून ऐकत होते. देवाची इच्छा. चांगली माणसं देवाला लवकर लागतात. ते आता सुखात आहेत, तुम्ही रडलात तर त्यांना त्रास होईल. हे शेवटचं वाक्य ज्याने कोणी प्रथम उच्चारलं, त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की सुवार्ता सांगणाऱ्याचा चेहरा नुकत्याच मयतीवरून परतलेल्या माणसासारखा असू नये. वाक्य खमंग आहे, मलाही तेव्हा आवडलं होतं. पण मावशी खरोखरच मयतीवरून परतल्या होत्या. त्यांनी कुठला चेहरा लावून यायचं? (त्याच पत्रात, त्याच्या थोडं आधी, पोप असंही म्हणतात की आयुष्याच्या सगळ्याच काळात आनंद सारखा दिसत नाही, फार कठीण दिवसांत तर नाहीच. ते वाक्य मात्र कोणी प्रवचनात घेत नाही.)

तसं पाहिलं तर प्रवचनातलं ते वाक्य ज्याचं, त्या संत पौलाची बाजूही काही लेचीपेची नाही. "आनंद करा" हे त्याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं ते कैदेतून, बेड्यांत असताना, आपण सुटणार की मरणार हेही नक्की नसताना. म्हणजे प्रसन्न हवा, पोटभर जेवण आणि मुलांचे चांगले निकाल ह्याबद्दल तो बोलत नव्हता एवढं नक्की. तरी मला हे उत्तर पुरेना. एक तर आनंद फर्मावता येतो का? लहानपणी फोटो काढताना आई "हस बरं" म्हणायची आणि नेमका माझा चेहरा रडवेला व्हायचा. आणि दुसरं, पौल पौल होता. नवऱ्याच्या नावावरचा गॅस आपल्या नावावर करून घेण्यासाठी त्याला रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं.

त्याच आठवड्यात खराडीला आमच्या ऑफिसात 'हॅपिनेस'चं सत्र झालं. एक तरतरीत मुलगा आला होता. त्याने डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले, आणि शेवटी मोबाइलवर फॉर्म पाठवला: तुम्ही ह्या क्षणी किती आनंदी आहात, एक ते दहा. शेजारच्या मुलीने आठ टाकले, मग म्हणाली, "अप्रेझल तोंडावर आलंय, नऊच करते." मी तिच्याकडे बघून हसले आणि माझा फॉर्म तसाच ठेवला. फॉर्मचा राग आला होता असं नाही. कॉलेजात असताना नगर रस्त्यावर येशूसंघाच्या (जेझुइट) फादरांकडे आमची एक रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर, झाली होती, तिथे ऐकलेली एक गोष्ट आडवी आली. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस, ज्याने पुढे येशूसंघ स्थापला, लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळला होता. त्याला वाचायला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या. घरात त्या नव्हत्या, होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मग पडल्या पडल्या तो कधी एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्नं बघायचा, तिच्यासाठी काय पराक्रम करू, कसं बोलू, तासन्‌तास. आणि कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जायची. विचार करताना दोन्ही गोड वाटायचं. फरक नंतर पडायचा. पहिल्या स्वप्नातून उठल्यावर कोरडं वाटायचं, दुसऱ्यातून उठल्यावर बरं वाटणं टिकून राहायचं. हा फरक लक्षात यायलाही त्याला बरेच दिवस लागले. झोपण्याआधी दिवसावरून असा मागे हात फिरवून बघायची सवय फादरांनी आम्हांला लावायचा प्रयत्न केला होता. मला ती लागली नाही. पण काय गोड वाटलं ह्यापेक्षा काय उरलं हे विचारावं, एवढं डोक्यात राहिलं.

त्या हिशेबाने माझ्याकडे उरलेले दिवस विचित्र आहेत. पप्पांच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमधली एक रात्र. नळ्या, फिनेलचा वास, शेजारच्या खाटेवरचं कण्हणं. पहाटे कधीतरी ते जागे झाले आणि अगदी शुद्धीत, ठणठणीत आवाजात म्हणाले, "रस पाजतेस का गं उसाचा? आलं टाकून. बर्फ नको, खोकला होतो." त्या अवस्थेत खोकल्याची काळजी! मला हसू फुटलं, मग त्यांनाही, आणि नर्स येऊन दटावून गेली तरी आम्ही थांबेना. त्या क्षणी कोणी फॉर्म दिला असता तर मी दोन लिहिले असते, कदाचित एक. आज माझ्या सगळ्या वाढदिवसांपेक्षा, घराच्या वास्तुशांतीसारख्या केलेल्या आशीर्वादाच्या थाटापेक्षा, ती रात्र मला जवळची वाटते. ह्याचं मला नीट स्पष्टीकरण देता येत नाही, आणि आनंद म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरं काही म्हणताही येत नाही.

आजी राहुरीकडची होती. तिचा आठवडा जपाच्या माळेवर चालायचा. माळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच-पाच प्रसंग आठवायचे, त्यांना रहस्यं म्हणतात, आणि ती वारांवर वाटलेली. सोमवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी दुःखाची, बुधवारी गौरवाची, गुरुवारी पुन्हा आनंदाची, शुक्रवारी पुन्हा दुःखाची. शनिवार-रविवार गौरवाचे. घरात लग्न असो नाहीतर मयत, वार बदलत नसे. काकाची हळद शुक्रवारी आली होती. अंगणात ताशा कडाडत होता, बायका एकमेकींना पिवळ्या करत होत्या, आणि आत चुलीशेजारी आजी येशूला काट्यांचा मुकुट घातला जातो ते रहस्य म्हणत बसली होती. माळेच्या मण्यांना हळद लागली होती. कोणी म्हणालं, "आजच्या दिवस तरी आनंदाची म्हणा की." आजी म्हणाली, "आज वार कोणता?" विषय संपला.

मला लहानपणी सोमवार आवडायचा, कारण त्यात बाळ येशू असायचा. आता चाळिशी ओलांडल्यावर तीच पाच रहस्यं ऐकते तेव्हा वाटतं, ह्यांना आनंदाची म्हणायचं धाडस कोणी केलं असेल? पहिल्यात मरियेकडे देवदूत येतो, मुलगी गडबडते, त्याला "भिऊ नकोस" म्हणावं लागतं. दुसऱ्यात ती पोटुशी असताना डोंगराळ मुलखातल्या नातेवाइकाकडे घाईने निघते. तिसऱ्यात बाळंतपण, आणि उतारशाळेत जागा नाही. चौथ्यात बाळाला मंदिरात नेतात, तर तिथला म्हातारा शिमोन त्या कोवळ्या आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. आणि पाचव्यात बारा वर्षांचा मुलगा सणाच्या गर्दीत हरवतो, तीन दिवस सापडत नाही. एकही रहस्य धास्तीवाचून नाही. पाचवं तर मी स्वतः भोगलेलं आहे, हरवलेल्या बाजूने. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत, सप्टेंबरातल्या चिखलात, बांगड्यांच्या दुकानापाशी माझा आईच्या पदराचा हात सुटला. वितळलेलं मेण, ओली माती, भज्यांचं तेल आणि हजारो माणसांचा घाम असा मिळून एक वास होता, तो अजून मला कुठल्याही यात्रेत येतो. आई सापडली तेव्हा तिने आधी दोन रट्टे घातले, मग उचलून घेतलं, मग परत एक रट्टा. तोंडाने सारखं, "असं का केलंस? असं का केलंस?" पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात कळलं की मरियेनेही मंदिरात मुलगा सापडल्यावर जवळपास हेच विचारलं होतं. त्या तिसऱ्या रट्ट्यात आनंद किती आणि धास्ती किती, हे आईला तेव्हाही सांगता आलं नसतं, आताही येत नाही. मी विचारून बघितलंय.

मावशींच्या प्रश्नाने मला वाचायलाही लावलं. संत थॉमस अक्विनास आनंदाचा शोध वकिलाच्या चिकाटीने घेतात. पैशात आहे का? मानसन्मानात? कीर्तीत? सत्तेत? शरीरात? सुखभोगात? एकेकाला उभं करून उलटतपासणी घेतात आणि घरी पाठवतात. शेवटी निकाल असा, की पूर्ण आनंद देवाच्या दर्शनातच आहे आणि तो ह्या आयुष्यात पूर्ण हाती लागणारा नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे हात वर करणं वाटलं होतं. मेल्यावर मिळेल म्हणणं फारच सोयीचं. आताही ती शंका पुरती गेलेली नाही. पण त्यातली मोकळीक ह्या खेपेला जाणवली. इथला आनंद अर्धवटच असायचा असेल, तर तो अर्धवट आहे म्हणून मावशींना नापास कोण करणार?

आणि त्याच ग्रंथात पुढे थॉमस दुःखावरचे उपाय सांगतात. काहीतरी सुखाची गोष्ट. रडणं. मित्रांची सहवेदना. सत्याचं चिंतन. इथवर ठीक. पाचवा उपाय: झोप आणि अंघोळ. तेराव्या शतकातला एवढा मोठा पंडित, आणि शेवटी म्हणतो, जरा अंगावर पाणी घ्या, पडा थोडं. मला एकदम आपलंच कोणी बोलतंय असं वाटलं. त्यांचा साक्षीदार कोण, तर संत ऑगस्टीन. आपलं हृदय देवाठायी विसावेपर्यंत बेचैनच असतं, हे ज्यांनी सांगितलं ते. ३८७ साली ओस्टिया बंदरात त्यांची आई मोनिका वारली तेव्हा मातीच्या वेळी त्यांनी डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. विश्वासू माणसाने रडू नये, असं काहीसं मनात होतं. मग अंघोळीने चिंता जाते असं ऐकलं होतं म्हणून न्हायला गेले. काही फरक पडला नाही, हे ते प्रामाणिकपणे लिहून ठेवतात. मग झोपले. उठले तेव्हा जरा हलकं वाटत होतं, आणि तेव्हा कुठे अंथरुणात एकटे असताना रडले. वर पुढच्या काळातल्या वाचकालाच सुनावलं, की तासाचा थोडासा भाग मी आईसाठी रडलो हे ज्याला पाप वाटेल त्याने मला हसू नये. आनंदावर आमच्या धर्मात ह्या माणसाइतकं क्वचितच कोणी लिहिलं असेल.

मावशींच्या यजमानांची माती झाली त्या संध्याकाळी आईने आणि इमारतीतल्या दोघीतिघींनी पाणी तापवलं, मावशींना मोरीत बसवून त्यांच्या डोक्यावरून न्हाऊ घातलं, केस पुसले, आणि त्यांना झोपवलं. वरच्या मजल्यावरच्या, ज्यांच्याशी एरवी पार्किंगवरून भांडण असतं, त्यांच्याकडून पिठलं-भाकरी आली. ह्यांतल्या कोणीही थॉमस वाचलेला नाही.

आषाढी वारीच्या वाटेवर तुकोबांची पालखी नाना पेठेतच निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, आणि आईचा जिना वारकऱ्यांनी भरून जातो. आई चहाची पातेली चढवते. पुण्याचे माजी बिशप थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभूतीवर डॉक्टरेट केली आहे हे आई वारकऱ्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवते. त्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही, ते चहा पितात. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या माणसाने आनंदाचे अभंग लिहिले, ह्याचंही त्यांना नवल नसतं. एकदा परभणीकडची एक बाई पायरीवर पाय चेपत बसली होती. आदल्या वर्षी तिचा तरणा मुलगा गेला होता, तरी वारी चुकली नव्हती. आईने विचारलं, "तेव्हा गाववलं का हो?" ती म्हणाली, "मी कुठं गायले. दिंडी गात होती. मी नुसती चालले."

आईने हे त्या वेळी मनावर घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

जानेवारीपासून मावशी रोज संध्याकाळी वर येऊ लागल्या, माळेला. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "मी फक्त दुःखाची म्हणणार. रोज." आई म्हणाली, "मंगळवार, शुक्रवार तुझे. बाकीच्या वारांचं मी बघते." माळ म्हणायची रीत अशी, की एकाने 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी पुढचा. सोमवारी आई दोन्ही अर्धे एकटीच म्हणते. तिला दम लागतो, मध्ये दोन घोट पाणी घ्यावं लागतं, पन्नास वेळा तेच, पण म्हणते. मावशी शेजारी गप्प बसून मणी सरकवतात, ओठ मिटलेले. मंगळवारी गेथशेमानेची बाग आली की त्यांचा आवाज घरभर होतो. एका सोमवारी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, कशाला ताणतेस, म्हणू दे की तिला रोज दुःखाची, तिची गरज आहे ती. आई कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "सोमवार काय तिच्या एकटीचा आहे?" आणि थोड्या वेळाने, "तिच्याच्यानं होत नाही तर मी म्हणते. माझ्याच्यानं झालं नव्हतं तेव्हा तिनं म्हटली होती." पप्पा गेल्यानंतरच्या महिन्यांबद्दल ती बोलत होती. मी तेव्हा इथे असून मला ह्याचा पत्ता नव्हता.

गुलाबी वस्त्रांकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने बघते. तो रविवार माझ्या मनाची अवस्था विचारत नाही. तो येतो. चर्चमध्ये त्या दिवशी चारशे माणसं असतील तर त्यातल्या कितीतरी जणांना आनंद होत नसणारच. तरी बाकीच्यांनी तो दिवस धरून ठेवायचा, पुढच्या वर्षी बाकं बदलतील. हे सांत्वन आहे का? मावशींना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या पुन्हा तेच विचारतील, आणि त्यांचा हक्क आहे.

परवा गुरुवारी मी आईकडे होते. आजीच्या काळी गुरुवार आनंदाचा होता. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी माळेत प्रकाशाची पाच नवी रहस्यं घातली, त्यांना गुरुवार दिला, आणि आनंद शनिवारवर ढकलला. आईने हा बदल कधीच मानला नाही. ती गुरुवारी आजीच्याच वारांनी चालते, आणि आम्ही कोणी तिच्या वाटेला जात नाही. मावशींनी मात्र पॅरिशमधल्या मुलांना वर्षानुवर्षं धर्मशिक्षण दिलेलं आहे. इतके आठवडे त्या गुरुवारीही गप्प बसून मणी सरकवत होत्या. परवा आईने गॅब्रिएल देवदूत काढला आणि मावशींचा संयम संपला.

"आज प्रकाशाची असतात."

"माझ्या घरात गुरुवारी देवदूत येतो."

"अहो, पोपनी बदललंय. वीस वर्षं होऊन गेली."

"पोपना कोण नाही म्हणतंय? त्यांनी त्यांच्या घरी म्हणावीत."

मावशींनी चष्मा लावला, पर्समधून पुस्तिका काढली, पान शोधलं आणि आईच्या नाकासमोर धरलं. "हे बघा, छापलंय. येशूचा बाप्तिस्मा. काना गावचं लग्न." आई म्हणाली, लग्न आहे म्हणजे आनंदाचंच झालं, मग भांडतेस कशाला. मावशी म्हणाल्या, लग्नात द्राक्षारस संपला होता, त्यात कसला आलाय आनंद, आधी शास्त्र तर नीट वाचा. दोघींचे आवाज जिन्यात पोचले होते. भाजी करपायला लागली म्हणून मी उठले. वरच्या मजल्यावरून कोणीतरी कठड्यावरून वाकून विचारलं, काय झालं हो, सगळं ठीक ना?

मावशी दारात गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "काही नाही! ह्यांना वार कळत नाहीत!"